पेशींची पानगळ आणि प्रोस्टेटचा कर्करोग

प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाचे नातेवाईक एक प्रश्न हमखास विचारतात : "इंजेक्शनांनी दुखणे गेले होते, रक्ताची तपासणीही उत्तम आली होती, मग रोग उलटला कसा? औषधातच खोट होती काय?" औषधात खोट नसते. या प्रश्नाचे बरेचसे उत्तर पेशींच्या मरणात दडलेले आहे. ते देणगीदार व विश्वस्तांनाही ज्ञात असावे, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

निरोगी शरीरात दररोज अब्जावधी पेशी मरतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. १९७२ मध्ये केर, वायली व करी या संशोधकांनी या नियोजित मरणास 'अपॉप्टोसिस' असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानगळ. जवळा बाजारच्या शिवारात वावरणाऱ्यास ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. वादळात मोडलेल्या फांदीची पाने वाळतात, पण फांदीलाच चिकटून राहतात. जिवंत झाड मात्र देठाशी एक थर तयार करून पान स्वतः विलग करते. पान गळणे हे झाडाच्या जिवंतपणाचेच कार्य होय. पेशीचेही तसेच आहे. या विषयातील मूलभूत संशोधनासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

हे कार्य प्रथिने पार पाडतात. बॅक्स व बॅक ही प्रथिने पेशीतील तंतुकणिकांच्या आवरणास छिद्रे पाडतात. त्यातून सायटोक्रोम-सी बाहेर झिरपते, कॅस्पेज नावाची विकरे जागृत होतात आणि पेशीचे आतून तुकडे करतात. शेजारच्या पेशी हे तुकडे गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. बीसीएल-२ हे प्रथिन बॅक्स व बॅक यांना रोखून धरते. ते पेशींची वाढ वेगवान करीत नाही, त्यांचे मरण अडवते, हे १९८८ मध्ये दिसून आले. तोवर कर्करोग म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, एवढाच समज रूढ होता. मरणास नकार देणे हाही कर्करोगाचा एक मार्ग आहे, ही दृष्टी या प्रथिनाने दिली.

प्रोस्टेट ग्रंथी पुरुष संप्रेरकावर पोसली जाते. ते बंद केल्यास पसरलेला रोगही ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये शिकागो येथे दाखविले. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. संप्रेरक तुटताच ग्रंथीतील स्रावक पेशी पानगळीप्रमाणे मरतात. तळच्या थरातील पेशी मात्र टिकतात, आणि त्यांच्यातच बीसीएल-२ आढळते. संप्रेरकाला न जुमानणाऱ्या गाठींमध्येही हे प्रथिन वारंवार सापडते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. रोग उलटण्याचे हे एकच कारण नव्हे. पी-५३ व पीटेन ही रक्षक प्रथिने निकामी होतात. शिवाय पेशीतील संप्रेरकाचा ग्राहक इतका तीक्ष्ण होतो की अत्यल्प संप्रेरकावरही गाठ तग धरते. बहुतेक रुग्णांत हेच कारण प्रबळ असते.

बीसीएल-२ ला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ पासून एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. प्रोस्टेटच्या नित्य उपचारांत मात्र अशा औषधास अद्याप स्थान मिळालेले नाही. प्रयोगशाळेतील शोध आणि रुग्णाची खाट यांतील अंतर बरेच मोठे आहे, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

आता कुटुंबीयांसाठी थोडे. रोग उलटला म्हणून संप्रेरक रोखणारी इंजेक्शने आपल्या मनाने थांबवू नयेत. पुढील औषधे सुरू झाली तरी सामान्यतः ती चालूच ठेवावी लागतात, अन्यथा उरल्यासुरल्या संवेदनक्षम पेशींना पुन्हा खाद्य मिळते. इंजेक्शनांचा आवर्ती खर्च झेपत नसल्यास वृषणे काढण्याची एकदाच करावयाची लहान शस्त्रक्रिया तेच कार्य करते. संकोचापायी हा पर्याय घरात उच्चारलाही जात नाही, हे खेदजनक आहे. रोग मणक्यात पसरलेल्या रुग्णास पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा जाणवू लागल्यास किंवा लघवी अडल्यास मज्जारज्जूवर दाब आल्याची शक्यता असते. अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.