रस्त्यांची राखण आणि तिचा हिशेब

मालाचा भाव पेढीवर ठरत असला, तरी नफ्याचा काही अंश रस्त्यावरच मिळतो वा गमावला जातो. ५ जानेवारी २०२३ पासून मोप्याच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील रस्त्यांचे महत्त्व वाढले. येथे जांभ्याची पठारे, कापून काढलेले डोंगरउतार आणि मुसळधार पाऊस. २०२४ च्या पावसाळ्यात मालपे येथे महामार्ग ६६ लगतची संरक्षक भिंत ढासळली, हे सभासदबंधूंस स्मरत असेल. अशा हानीची चाहूल आधी लागेल काय, आणि तिला खर्च किती, हे आपण पाहू.

उपग्रहावरील रडार भूमीकडे रेडिओलहरी सोडते व परतलेल्या लहरींची नोंद घेते. ढग किंवा अंधार तिच्या आड येत नाही. एकाच स्थळाच्या निरनिराळ्या दिवसांच्या नोंदी ताडून पाहिल्या असता, परिस्थिती अनुकूल असल्यास, जमीन किती मिलिमीटर खचली हेही कळते. भारत व अमेरिका यांचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावर येतो. त्याच्या सुमारे २४ सेंटिमीटर लांबीच्या लहरी झाडीतूनही पुष्कळशा पार होतात. युरोपच्या 'सेंटिनेल-१' च्या २०१४ पासूनच्या नोंदी तर विनामूल्य मिळतात.

मग खर्च कशाचा? नोंदी वाचणाऱ्या जाणकाराचा आणि जागेवर जाऊन खात्री करणाऱ्या अभियंत्याचा. उदाहरणादाखल मानीव आकडे घेऊ. हा खर्च वार्षिक २ लक्ष रुपये. उतार ढासळल्यावरची दुरुस्ती ५० लक्ष. वेळीच पाण्याचा निचरा करून उतार सावरण्यास १० लक्ष. खऱ्या इशाऱ्याने ४० लक्ष वाचतात. म्हणजे वीस वर्षांत एकाहून अधिक वेळा असा प्रसंग टळत असेल, तरच हा व्यवहार लाभाचा. परंतु एकाच नोंदीत अनेक तालुके सामावतात. म्हणून पेडणे व डिचोली यांनी खर्च वाटून घेतल्यास प्रत्येकाचा भार हलका होतो.

मर्यादाही ध्यानी धराव्यात. रस्त्यावरचा खड्डा या नोंदींत दिसत नाही. एका रात्रीत अकस्मात कोसळणारी दरडही निसटते. हळूहळू सरकणारा उतार व खचणारा भराव एवढेच तिचे खरे क्षेत्र. बाकीचे डोळ्यांनीच पाहावे लागते.

म्हणून आमची सूचना अशी, की मालमोटारी जेथे अडल्या त्या जागा व तारखा प्रत्येक पेढीने वहीत टिपाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी संघाने त्या सार्वजनिक बांधकाम खात्यापुढे ठेवाव्यात. आकाशातील नोंद आणि आपली वही जुळली, तर माल वाचेल. त्याहून मोलाचे, गाडीवानाचे प्राण वाचतील.