चर्च वाचताना : एका मांडवीपासून दुसऱ्या मांडवीपर्यंत

आमचं घर बडोद्यात, मांडवीजवळ. जुन्या शहराच्या चार दरवाज्यांकडे जाणारे रस्ते मांडवीच्या कमानींपाशी भेटतात. रस्त्यावर गुजराती, घरात मराठी, कॉलेजात इंग्रजी. "तुम्ही कॅथलिक ना? मग घरी मराठी कशी?" हा प्रश्न मला लहानपणापासून पाठ आहे. यावर मी नुसतं हसायचे. उत्तर मिळालं ते दुसऱ्या मांडवीजवळ, म्हणजे ओल्ड गोव्यातून वाहणाऱ्या नदीच्या परिसरात.

सुट्टीत मी बॉम जेझूस बॅसिलिका पाहायला गेले. वर्गात आपण संहिता वाचतो, तशी वास्तू वाचता येते का, हे मला बघायचं होतं. तीन पायऱ्या हाती लागल्या.

१. आधी दगड वाचा.
बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं आणि १६०५ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. भिंती जांभ्याच्या, पण दर्शनी भागावरच्या कोरीवकामाचा काळा दगड वसईहून आणलेला. म्हणजे आपला महाराष्ट्र तिथे दारातच भेटतो! भिंतींवर पूर्वी गिलावा होता. तो १९५० च्या दशकात काढला गेला. आपण फोटोत टिपतो तो 'जुना' लाल रंग असा अलीकडचा आहे, आणि उघडा पडलेला जांभा आता दर पावसाळ्यात झिजतो.

२. मग खुणा वाचा.
दर्शनी भागावर सर्वांत वर 'आयएचएस' ही अक्षरं आहेत. ही ग्रीक भाषेतल्या येशूच्या नावाची सुरुवातीची अक्षरं आणि येशूसंघाची खूण. आत संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी आहे. त्यांचं निधन १५५२ मध्ये चीनजवळच्या बेटावर झालं. समाधीचा संगमरवरी चौथरा इटलीतल्या टस्कनीच्या ड्यूकने दिलेला, वरची चांदीची पेटी मात्र गोव्याच्या कारागिरांची. एकाच वास्तूत दोन हात दिसतात.

३. शेवटी, न दिसणारं वाचा.
याच येशूसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. हे चर्च उभं राहत होतं तेव्हा ते गोव्यातच होते. नव्या ख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी 'क्रिस्तपुराण' रचलं, ते मराठीत आणि ओवीत! १६१६ मध्ये ते छापलं गेलं, रोमन लिपीत. पण गोष्ट एवढीच सांगितली तर ती गोड वाटेल. त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होतं, आणि १६८४ च्या फर्मानाने लोकांना तीन वर्षांत स्वतःची बोली सोडून पोर्तुगीज बोलायला सांगितलं. एकीकडे भाषेला ओवीत बसवणारे हात, दुसरीकडे तीच भाषा तोडणारे. मी त्या बाकावर प्रार्थना केली तेव्हा हे दोन्ही मनात होतं. एक विसरून दुसरं आठवणं मला जमलं नाही, आणि जमू नये असंच वाटतं.

आता तो प्रश्न कुणी विचारला तर मी सांगते, "चारशे वर्षांपूर्वी ख्रिस्ताची कथा मराठीत ओवीबद्ध झालीय. मी तर फक्त घरी बोलते."

तुमच्यासाठी स्वाध्याय : आपल्या गावातली एखादी जुनी वास्तू निवडा. देऊळ, मशीद, चर्च, काहीही चालेल. मोबाईल खिशात ठेवा, खांदे झाकलेले असू द्या, आणि तिथे अर्धा तास शांत बसा. दगड कुठून आला, अक्षरं कुणाची आहेत आणि कोणाचा आवाज तिथे ऐकू येत नाही, या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या.