खिन्न विद्यार्थी आणि शिक्षकाचे कर्तव्य

इयत्ता सातवीच्या वर्गातील एखादा मुलगा घ्यावा. दिवाळीपर्यंत तो लेझीम पथकात पुढे असे. फळ्यावर उदाहरण सोडविण्यास आपण होऊन उठे. संक्रांतीच्या सुमारास तो मागे जाऊन बसू लागतो. मधल्या सुट्टीत ताटातील खिचडी तशीच टाकतो. डोके दुखते, पोट दुखते म्हणून वारंवार घरी जाण्याची परवानगी मागतो. विचारले तर ‘काही नाही, गुरुजी’ एवढेच उत्तर मिळते. अशा मुलास बहुधा आळशी ठरविले जाते व त्याच्या बापाकडे तक्रार जाते. परंतु तो मुलगा आजारी असण्याचा संभव असतो, आणि घराबाहेर त्याला रोज पाच-सहा तास पाहणारा मनुष्य शिक्षकच होय.

प्रश्नाचे गांभीर्य

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ७ लाख २७ हजार माणसांचा मृत्यू आत्महत्येमुळे झाला. १५ ते २९ वर्षे या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्येचा क्रमांक तिसरा होता. या वयात दिसणाऱ्या दुःखाचे बीज पुष्कळदा त्याआधी, म्हणजे प्राथमिक शाळेच्या वरच्या वर्गांतच, पडलेले असते.

लक्षणे

परीक्षेत अपयश आले, मित्राशी भांडण झाले, तर मूल चार दिवस हिरमुसते व पुन्हा खेळू लागते. ते स्वाभाविक आहे. नैराश्याचा आजार निराळा. त्यात दोन आठवडे किंवा अधिक काळ, जवळजवळ रोज, मन उदास राहते व आवडत्या गोष्टींतही रस उरत नाही. झोप आणि भूक बिघडते, लक्ष लागत नाही, थकवा येतो. किशोरवयीन मूल नेहमी रडवेलेच दिसते असे नाही. पुष्कळदा ते चिडखोर बनते, आणि शिक्षक त्यास उद्धट समजतात.

पुढील खुणा मात्र तातडीच्या समजाव्यात : ‘मी असून काय उपयोग’, ‘माझा घरच्यांना भारच आहे’ असे बोलणे किंवा निबंधात लिहिणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, निरोप घेतल्यासारखे बोलणे, अंगावर स्वतः केलेल्या इजेच्या खुणा असणे.

घरात मृत्यू, कर्ज किंवा व्यसन असणे, सोबत्यांकडून सतत हेटाळणी होणे, शाळा सोडवून मुलीचे लग्न उरकण्याचा बेत चालणे, या गोष्टींनी धोका वाढतो. तथापि कारण सहसा एकच नसते. म्हणून घरच्यांवर ठपका ठेवण्याची घाई करू नये.

शिक्षकाने काय करावे

प्रथम, मुलास वर्गासमोर न विचारता एकीकडे, परंतु इतरांच्या दृष्टीआड न होता, बसवून घ्यावे. ‘बाळ, हल्ली तू गप्प असतोस. काय होते ते सांग, मी रागावणार नाही’ असा आरंभ करावा आणि मग स्वतः थोडे बोलून अधिक ऐकावे. उपदेश व इतर मुलांशी तुलना टाळावी.

दुसरे, शंका आल्यास ‘जगू नये असे तुझ्या मनात येते का?’ हे स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने मूल मोकळे होते.

तिसरे, उत्तर होकारार्थी आल्यास मुलास क्षणभरही एकटे सोडू नये. ‘कोणास सांगणार नाही’ असे वचन देऊ नये. मुख्याध्यापकांस कळवावे, पालकांस बोलावून मुलास त्यांच्या हाती द्यावे, आणि घरातील पिकांची औषधे व इतर घातक वस्तू त्याच दिवशी कुलूपबंद करण्यास सांगावे. पालकांकडूनच मुलास त्रास होत असल्याची शंका असल्यास बालसाहाय्याच्या १०९८ या क्रमांकावर कळवावे.

चौथे, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा आजार उपचारांनी बरा होऊ शकतो, हे पालकांस आवर्जून सांगावे. अंगारा-धुपाऱ्यात दिवस घालवू देऊ नयेत.

कायदा

पोलिसांच्या भीतीने कुटुंबे अशी गोष्ट लपवितात. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे, उलट सिद्ध न झाल्यास, गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा होत नाही. तसेच शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने विद्यार्थ्यास शारीरिक शिक्षा देण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे.

शाळेत परतल्यावर

उपचारानंतर मूल परत येईल तेव्हा त्याच्या आजाराची चर्चा वर्गात वा शिक्षकांच्या बैठकीत होऊ नये. बुडालेला अभ्यास थोडा थोडा भरून घ्यावा, आणि फुलझाडांना पाणी घालणे, वाचनपेटी सांभाळणे असे एखादे काम त्याच्याकडे सोपवावे. आपली येथे गरज आहे ही जाणीव मुलास मोठा आधार देते.

हजेरी घेताना शिक्षक रोज प्रत्येक नाव उच्चारतो. त्या वेळी क्षणभर त्या त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहण्याची सवय ठेवावी. कोणता आवाज बारीक झाला आहे, हे ज्याच्या ध्यानात येते त्याच्याकडून वेळीच मदत होण्याचा संभव अधिक असतो.