डोळ्याला मार लागला? वरून बरा दिसला तरी मागचा पडदा तपासून घ्या

मळणीचे दिवस आहेत, म्हणून आज पिकाऐवजी डोळ्याबद्दल.

बैलाचं शिंग, लाकूड फोडताना उडालेली ढलपी, ताणून सुटलेला दोर. असा मुका मार बसला की डोळा लाल होतो, सुजतो, आठवड्यात उतरतो. आपण म्हणतो, बरा झाला. पण मार पुढून बसला की डोळा क्षणभर चपटा होऊन बाजूंनी ताणला जातो आणि त्या ओढीने आतला पडदा, म्हणजे रेटिना, कडेला फाटू शकतो. पडद्याला दुखणं कळत नाही. फाटीतून आतलं पाणी मागे शिरतं आणि भिंतीचा ओला पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो. हे लगेच होईल असं नाही, काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही होतं.

*खुणा:* वीज चमकल्यासारखं दिसणं, एकदम खूप काळे ठिपके किंवा जाळी तरंगणं, एका बाजूने सावली सरकत येणं. यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. रोज एकेक डोळा झाकून बघा. दोन्ही उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याची खोट झाकतो.

नुसती फाट असेल तर बहुधा लेसरने भागतं. पडदा सुटला तर ऑपरेशन लागतं, आणि मधला भाग सुटायच्या आत पोचलात तर नजर वाचण्याची आशा जास्त. म्हणून खुणा नसल्या तरी मार लागल्यावर "बाहुली मोठी करून पडदा बघा" असं डॉक्टरांना सांगा. त्या थेंबांनी काही तास धूसर दिसतं. मोटारसायकल चालवायला कुणाला तरी सोबत न्या.

छन्नी-हातोड्याने काम करताना डोळ्यात काही गेल्यासारखं वाटलं तर ते आवर्जून सांगा. लोखंडाचा बारीक कण आत शिरतो, जखम दिसतही नाही, पण तो आत गंजून पडदा निकामी करतो. अशा डोळ्याचा एमआरआय करायचा नसतो.

डोळा चोळू नका, दाबून पट्टी बांधू नका. कागदी कप वरून चिकटवा आणि निघा. दूध, मध, पाल्याचा रस नको. मेडिकलमधून परस्पर आणलेले ड्रॉपही नकोत.

मळणी यंत्रात माल टाकणाऱ्याने बाजूंनी बंद असलेला पॉलिकार्बोनेटचा चष्मा लावावा, उन्हाचा काळा गॉगल चालत नाही. हवा असल्यास कंपनीच्या केंद्रावर मागणी नोंदवा.