जॉन ब्राऊन : दहशतवादी की मुक्तिदाता?
अमेरिकेतील गुलामगिरी मोडायला जॉन ब्राऊन यांनी शस्त्र उचललं. 1856 साली कॅन्ससमध्ये त्यांच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घराबाहेर काढून तलवारींनी मारलं. एका आईने गयावया केली म्हणून तिचा 16 वर्षांचा मुलगा तेवढा वाचला. विरोधकांना धाक बसावा म्हणून केलेली ही कत्तल. मी हिला दहशतच म्हणेन.

1859 चा हार्पर्स फेरीचा छापा मात्र वेगळा. शस्त्रागार ताब्यात घेऊन गुलामांना उठाव करायला लावायचा होता. (पहिला बळी गेला तो एका स्वतंत्र कृष्णवर्णीय रेल्वे हमालाचा!) ज्यांना मत नाही, गोऱ्यांविरुद्ध कोर्टात साक्षही देता येत नाही, त्यांनी दाद मागायची कुठे? हे बंडच. 2 डिसेंबरला ब्राऊन यांना फाशी झाली. आरोपांत खून होता, राजद्रोह होता, आणि गुलामांना उठावाची चिथावणी हाही गुन्हाच होता.