परक्या मुलखातील दुखणे

मनोविकारांची कारणे अभ्यासताना आनुवंशिकता, बालपण, कौटुंबिक वातावरण अशी यादी आपण पाठ करतो. त्या यादीत परकेपणाही असावयास हवा, असे मला फ्रांझ फॅनन या मनोविकारतज्ज्ञाविषयी वाचताना प्रथम जाणवले.

फॅननचा जन्म १९२५ साली मार्टिनिक या फ्रेंच अमलाखालील बेटावर झाला. वैद्यकाचे शिक्षण त्याने फ्रान्समध्ये लियाँ येथे घेतले. उत्तर आफ्रिकेतून पोटासाठी आलेले मजूर तेथील डॉक्टरांकडे येत. कोठे दुखते असे विचारले, तर सर्वांगच दुखते म्हणत. तपासणीत काही सापडत नसे. मग डॉक्टर ठरवून टाकीत, की हा कामचुकार आहे, खोटे बोलतो आहे. १९५२ सालच्या एका लेखात फॅननने दोष रोग्याकडून काढून डॉक्टरांच्या पूर्वग्रहाकडे वळविला. ज्याला घर नाही, ज्याची माणसे जवळ नाहीत, ज्याची पदोपदी हेटाळणी होते, त्याच्या दुखण्याला एकच जागा कोठून असणार?

१९५३ साली तो अल्जीरियातील ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. तेथे त्याने करमणुकीचे कार्यक्रम, सणसमारंभ असे सामूहिक उपचार सुरू केले. युरोपीय स्त्रिया त्यांत रमल्या. अल्जीरियन मुसलमान पुरुष मात्र अलिप्तच राहिले. चूक रोग्यांची नसून आपली आहे, हे फॅननने मान्य केले. सारे कार्यक्रम फ्रेंच वळणाचे होते. मग त्याने त्यांच्या पद्धतीचे कॉफीगृह उघडले, त्यांचे सण साजरे केले, कथा सांगणारा बोलाविला. रोगी हळूहळू मिसळू लागले. ही माणसे स्थलांतरित नव्हती. स्वतःच्याच देशात ती परकी झाली होती.

या विषयाचे संशोधन याहून जुने आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांत छिन्नमनस्कतेचे प्रमाण मायदेशापेक्षा अधिक आहे, असे ओडेगार्ड याने १९३२ साली दाखविले. मुळात दुबळ्या मनाचेच लोक देश सोडतात, असा त्याचा कल होता. पण इंग्लंडमधील कॅरिबियन वंशाच्या लोकांच्या अभ्यासात निराळेच चित्र दिसले. हे प्रमाण तेथेच जन्मलेल्या पुढच्या पिढीतही अधिक होते. कॅरिबियन बेटांवर मात्र तसे नव्हते. शिवाय जेथे आपली माणसे शेजारी थोडी, तेथे धोका अधिक आढळला. अर्थात बहुसंख्य स्थलांतरित आजारी पडत नाहीत. परंतु एकटेपणा आणि भेदभाव यांचा वाटा आता नाकारता येत नाही.

हे लिहिताना मला आमचे वसतिगृह आठवते. दूरच्या जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाच्या बोलीची आम्ही नक्कल करीत असू. मीही हसणाऱ्यांत होतो. पुढे डोके दुखते म्हणून तो खोलीतच पडून राहू लागला. आम्ही म्हणालो, ढोंग करतो. दिवाळीला गावी गेला, तो परत आला नाही. त्याच्या जाण्याचे खरे कारण मी सांगू शकत नाही, कारण ते आमच्यापैकी कोणी त्याला विचारलेच नाही.

येत्या जूनमध्ये नवी मुले येतील. त्यांच्या बोलण्याला हसण्याआधी त्यांना आपल्या पंगतीत बसवून घ्यावे, आणि कोणी दुखते म्हणाला तर प्रथम त्याच्यावर विश्वास ठेवावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.