बोंडाच्या कोठडीतला पतंग

सिंदी (रेल्वे) येथे तान्हा पोळा साजरा होतो, त्या सुमारास आसपासच्या शेतांत पऱ्हाटी फुलांवर येऊ लागते. विद्यार्थी मित्रांनो, तेव्हा एखाद्या सकाळी शेतात चक्कर मारा. काही फुले उमललेलीच नसतात. त्यांच्या पाकळ्या गुलाबकळीसारख्या एकमेकींत गुंतलेल्या दिसतात. शेतकरी अशा फुलाला डोमकळी म्हणतात. ती हलकेच उकला. आत एक इवलीशी अळी पराग खात बसलेली आढळेल. पाकळ्या तिनेच रेशमी धाग्याने शिवलेल्या असतात!

ही गुलाबी बोंडअळी, म्हणजे पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या पतंगाची बाल्यावस्था. भारतातील कपाशीवर सापडलेल्या नमुन्यांवरून सॉन्डर्स या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने १८४३ मध्ये तिचे वर्णन केले. पुढे सरकीबरोबर ती इजिप्तमध्ये व तेथून अमेरिका खंडात पोचली.

पतंग जेमतेम ८ ते १० मिलिमीटर लांब, करडा-तपकिरी व निशाचर असतो. मादी कळ्यांवर व बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अळी बाहेर येते आणि बोंडात शिरते. मागे छिद्र बुजून जाते, त्यामुळे बोंड वरून अगदी निरोगी दिसते. आत मात्र ती सरकी फस्त करीत असते. सुरुवातीस पांढुरकी असणारी अळी मोठी होताना तिच्या अंगावर गुलाबी पट्टे उमटतात. मग ती गोल भोक पाडून जमिनीवर उतरते व पालापाचोळ्यात कोष करते. ही सारी यात्रा साधारण महिनाभरात पुरी होते.

उन्हाळ्यात शेतात कपाशीच नसते, तेव्हा ही जगते कशी? हिवाळ्यात दिवस लहान झाले की काही अळ्या कोष करीतच नाहीत. दोन सरक्या जोडून त्यांच्या पोकळीत त्या महिनोन्‌महिने सुप्त राहतात. उन्हाळ्यातील तिचे घर म्हणजे जिनिंगमधला सरकीचा ढीग आणि सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्या. डिसेंबरनंतर पऱ्हाटी उपटावी, फरदड घेऊ नये, असे सांगतात ते यासाठी. पण फरदडीतून दोन पैसे मिळतात आणि चूलही पेटायला हवी, हेही खरेच आहे.

२००२ मध्ये आलेल्या बीटी कपाशीतील विषारी प्रथिनाने ही अळी प्रथम मरत असे. मात्र संकरित झाडाच्या बोंडातील सगळ्याच सरक्यांत ते प्रथिन नसते. शिवाय बांधाकडेने साधी कपाशी लावण्याची सूचनाही फारशी पाळली गेली नाही. विष पचविणाऱ्या अळ्या तेवढ्या उरल्या, त्यांची संतती वाढली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडेच्या बोंडे किडली.

नर पतंग मादीच्या गंधाकडे ओढला जातो. तो गंध कृत्रिमरीत्या तयार करून कामगंध सापळ्यात ठेवतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर सापडले, तर उपायाची वेळ आली असे समजतात. सापळा नसेल तर एकरातून २० हिरवी बोंडे तोडून फोडा. दोन बोंडांत जरी जिवंत अळी निघाली, तरी त्याच दिवशी घरी सांगा.